क्रूझ मुंबई बंदरात, लेणी वेरूळला: जहाज थांबलेलं असताना छत्रपती संभाजीनगर पाहून परत येता येतं का?

जगप्रवासाला निघालेली एखादी क्रूझ मुंबईत थांबते. जहाजावर अमेरिकेत राहणारे काका-काकू असतात, मुलाचे जर्मन सासू-सासरे असतात किंवा आयुष्यात पहिल्यांदाच भारतात आलेलं एखादं जोडपं असतं. मुंबईतल्या थांब्याची तारीख कळली की पहिला प्रश्न येतो, "मुंबईत उतरतोच आहोत, तर वेरूळ-अजिंठा करून येऊ का?" नकाशावर मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर एकाच राज्यात, बऱ्यापैकी जवळ दिसतात. त्यात आता समृद्धी महामार्ग आहे, वंदे भारत आहे, विमान आहे.

तरीही या प्रश्नाचं उत्तर "हो" की "नाही" हे एकाच गोष्टीवर ठरतं. ती म्हणजे जहाज मुंबईत किती तास थांबणार आहे. हे गणित चुकलं तर जहाज निघून जातं आणि प्रवासी मागे राहतो. हे सगळं गणित नेमकं कसं मांडायचं, ते पाहूया.

थोडक्यात उत्तर

- जहाज सकाळी येऊन संध्याकाळी निघणार असेल, तर वेरूळ किंवा अजिंठा शक्य नाही.
- जहाज एक रात्र थांबणार असेल, तर फक्त वेरूळ शक्य आहे, पण वेळ काटेकोर पाळावी लागते.
- जहाज दोन रात्री थांबणार असेल, तर वेरूळ निवांत होतं. अजिंठा हवा असेल तर दोन्हींपैकी एक निवडणं शहाणपणाचं.
- क्रूझ मुंबईतच सुरू होत असेल किंवा संपत असेल, तर आधी किंवा नंतर तीन दिवस काढावेत. हा सर्वांत चांगला मार्ग आहे.
- अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ लेणी मंगळवारी.

मुंबईत क्रूझ नेमकी कुठे लागते?

मुंबईत प्रवासी जहाजं बॅलार्ड पिअर भागात लागतात. इथेच मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं राहिलं आहे. त्याचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची या टर्मिनलची क्षमता आहे. इथे तपासणी आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर आहेत आणि एका वेळी पाच जहाजं लागू शकतात.

प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी स्टेशन, इथून अगदी जवळ आहे. टॅक्सीने काही मिनिटांत पोहोचता येतं. शहराबाहेर काढणारा ईस्टर्न फ्रीवेसुद्धा बंदराच्या बाजूनेच जातो. विमानतळ मात्र दूर आहे.

क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असा असतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असल्याने परदेशी जहाजं इकडे फिरकत नाहीत. नोव्हेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपले मार्ग बदलले. त्यामुळे जाहीर झालेला मुंबईचा थांबा ऐनवेळी रद्दही होऊ शकतो. म्हणूनच हॉटेल आणि तिकिटं काढताना पैसे परत मिळणारा पर्याय निवडावा.

हा प्रश्न नवा नाही

१८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि युरोपातून येणाऱ्या जहाजांसाठी मुंबई हे भारताचं दार बनलं. तेव्हाही बोटीने आलेल्या साहेबांना वेरूळची लेणी पाहायची असत. त्यासाठी ते रेल्वेने नांदगावला उतरत आणि तिथून टांग्याने पुढे वेरूळपर्यंत जात. १९०० च्या सुमारास निजामाच्या रेल्वेने मनमाडहून औरंगाबादकडे मीटरगेज मार्ग टाकला, तेव्हा हा प्रवास सोपा झाला. मात्र मनमाडला गाडी बदलावी लागायचीच. १९९० च्या दशकात या मार्गाचं ब्रॉडगेज झालं आणि मुंबईहून थेट गाड्या धावू लागल्या.

फरक एवढाच की त्या काळचा प्रवासी मुंबईत उतरला की काही आठवडे-महिने भारतात राहायचा. आजच्या क्रूझ प्रवाशाच्या हातात काही तास असतात.

थांब्याचे प्रकार आधी समजून घ्या

क्रूझच्या वेळापत्रकात मुंबईचं नाव दिसलं, एवढ्यावर काहीच ठरत नाही. थांबा तीन प्रकारचा असतो.

पहिला, दिवसाचा थांबा. जहाज सकाळी सात-आठला लागतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटतं.

दुसरा, रात्रीचा थांबा. जहाज आज सकाळी येतं आणि उद्या संध्याकाळी निघतं. काही लांब पल्ल्याच्या सफरींत दोन रात्रीही मिळतात.

तिसरा, सुरुवात किंवा शेवट. या प्रकारात प्रवासी मुंबईतच जहाजावर चढतात किंवा कायमचे उतरतात.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे जहाज सुटण्याची वेळ आणि सगळ्यांनी जहाजावर परतण्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा असतात. परतण्याची वेळ साधारण अर्धा ते एक तास आधीची असते. आखणी नेहमी या दुसऱ्या वेळेवरून करायची.

दिवसाच्या थांब्यात का जमत नाही?

समजा, जहाज सकाळी ८ ला लागलं आणि संध्याकाळी ६ ला सुटणार आहे. हातात दहा तास आहेत असं वाटतं. आता हिशेब बघा.

रस्त्याने:

- जहाजातून उतरणं, तपासणी, बंदराबाहेर पडणं: १ तास
- दक्षिण मुंबई ते वेरूळ: सुमारे साडेपाच तास
- वेरूळमध्ये किमान वेळ: ३ तास
- परतीचा प्रवास: सुमारे साडेपाच तास
- एकूण: १५ तास, आणि अडचणीसाठी राखीव वेळ वेगळाच

"मग विमानाने जाऊ," असं बरेच जण म्हणतात. उड्डाण तासाभराचंच आहे, हे खरं. पण पूर्ण हिशेब असा होतो:

- जहाजातून बाहेर पडणं: १ तास
- बंदर ते विमानतळ: १ तास, वाहतूक मेहेरबान असेल तर
- विमानतळावर आधी पोहोचणं: दीड तास
- उड्डाण: १ तास
- चिकलठाणा विमानतळातून बाहेर पडणं: अर्धा तास
- विमानतळ ते वेरूळ: सव्वा तास

म्हणजे जातानाच सव्वासहा तास गेले. परतताना जहाजातून बाहेर पडण्याचा एक तास वाचला तरी सव्वापाच तास लागतात. वेरूळचे तीन तास धरले तर एकूण साडेचौदा तास होतात. शिवाय विमानाची वेळ आपल्या सोयीची असेलच असं नाही. विमान रस्त्यापेक्षा फार वेळ वाचवत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नवी मुंबई विमानतळही आता सुरू झाला आहे, त्यामुळे विमान नेमकं कुठून सुटतं हे तिकिटावर तपासायलाच हवं.

जगात इतरत्रही बंदरापासून दूरची ठिकाणं दाखवली जातात. फिनलंडच्या उत्तरेकडच्या केमी बंदरावरून सांताक्लॉजचं गाव म्हणून मिरवणारं रोव्हानिएमी सुमारे १२० किलोमीटरवर आहे. इटलीच्या चिविताव्हेक्या बंदरापासून रोम साधारण ८० किलोमीटर आहे. इजिप्तच्या सफागा बंदरावरून लक्सरची एका दिवसाची सहल निघते, तीही सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. ती सहल लांबची आणि दमवणारी मानली जाते. संभाजीनगर मुंबईपासून सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त आहे. म्हणून दिवसाच्या थांब्यात हा विषय सोडून द्यावा.

मग त्या दिवशी काय पाहता येईल?

दगडात कोरलेली लेणीच पाहायची असतील, तर मुंबईतही उत्तम पर्याय आहेत.

घारापुरी, म्हणजे एलिफंटा. गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने साधारण तासाभराचा प्रवास. इथली त्रिमुखी शिवाची भव्य मूर्ती सहाव्या शतकातली मानली जाते. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. सोमवारी बंद.

कान्हेरी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. हीदेखील सोमवारी बंद असतात.

दिवस सोमवार असेल तर बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दक्षिण मुंबई आहेच. सीएसएमटीची इमारत २००४ पासून, तर फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

एक रात्र थांबा असेल तर

जहाज पहिल्या दिवशी सकाळी ८ ला आलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ ला निघणार असेल, तर ३४ तास मिळतात. इथे वेरूळ बसतं.

या आखणीत एकच नियम पाळायचा, तो म्हणजे लेणी आधी, मुक्काम नंतर. पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत गाडीने निघालं, तर दुपारी साडेतीन-चारला थेट वेरूळ गाठता येतं. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणे इथून लागतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसारा घाटातली रखडपट्टी टळली. वेरूळला जायचं असेल तर शहरात न शिरता माळीवाडा इंटरचेंजला उतरावं. तिथून दौलताबादमार्गे वेरूळ जवळ पडतं.

दुपारी उशिरा पोहोचण्याचा एक फायदाही आहे. वेरूळचा डोंगर पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे दुपारनंतरचं ऊन लेण्यांच्या दर्शनी भागावर पडतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. लेणी सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात.

रात्री शहरात मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालं की दुपारी एकच्या आत मुंबई. म्हणजे हातात चार-पाच तासांची राखीव वेळ राहते. टायर पंक्चर, अपघातामुळे अडलेला रस्ता, ठाण्याची कोंडी असं काहीही झालं तरी जहाज सुटत नाही.

उलट केलं, म्हणजे पहिल्या दिवशी मुंबईत रेंगाळून दुसऱ्या दिवशी सकाळी लेणी पाहिली, तर ही राखीव वेळ संपून जाते. त्यात पहिला दिवस मंगळवार असेल तर वेरूळ बंद. अशा वेळी ही सहल न केलेलीच बरी.

अजिंठा मात्र या ३४ तासांत धरू नये. ही लेणी शहरापासून आणखी सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबवावी लागते आणि तिथून सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. पुढे पायऱ्याही आहेत.

दोन रात्री असतील तर

इथे रेल्वे कामाला येते. मुंबई-जालना वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. ही गाडी दुपारी एकच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि संध्याकाळी सातच्या आसपास छत्रपती संभाजीनगरला पोहोचते. आठवड्यातला एक दिवस ती नसते, त्यामुळे तारीख तपासून घ्यावी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

दुसरा पूर्ण दिवस लेण्यांसाठी मिळतो. तो सोमवार असेल तर वेरूळ, मंगळवार असेल तर अजिंठा, इतर दिवशी आवडीप्रमाणे. रात्री देवगिरी एक्स्प्रेससारख्या गाडीने निघालं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून जहाज हाकेच्या अंतरावर.

वेरूळ निवडलं तर त्याच रस्त्यावर दौलताबादचा किल्ला आणि लेण्यांजवळच घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग येतं. शहरात परतताना बीबी का मकबराही होतो.

वेरूळ की अजिंठा?

दोन्ही १९८३ मध्ये एकाच वर्षी जागतिक वारसा यादीत आली, पण दोन्हींचा अनुभव वेगळा आहे.

वेरूळमध्ये पाहण्यासाठी ३४ क्रमांकित लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. वेळ कमी असेल तर क्रमांक १६ चं कैलास लेणं आधी पाहावं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, अखंड डोंगर वरून खाली कोरत आणलेलं हे मंदिर आहे. त्यानंतर क्रमांक १०, आणि वेळ उरला तर क्रमांक ३२ पाहावं. जैन लेणी थोडी लांब आहेत, हे लक्षात ठेवावं.

अजिंठ्यात सगळी लेणी बौद्ध आहेत आणि खरं वैभव भित्तिचित्रांचं आहे. क्रमांक १, २, १६ आणि १७ ही चित्रांसाठी महत्त्वाची. आत उजेड कमी असतो, फ्लॅश वापरता येत नाही. चालणं आणि चढणंही जास्त आहे. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोलीची सोय असते.

वयस्कर पाहुणे आणि कमी वेळ असेल तर वेरूळ. चित्रकलेची आवड आणि पूर्ण दिवस हाताशी असेल तर अजिंठा.

दोन्ही ठिकाणी प्रवेशशुल्क भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी नागरिकांना ६०० रुपये आहे. १५ वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. तिकीट ऑनलाइन काढलं तर थोडी सवलत मिळते आणि रांगही टळते.

कागदपत्रं: इथे चूक महागात पडते

परदेशी पासपोर्ट असलेल्यांना भारताचा व्हिसा लागतो. मुंबई बंदरावर ई-व्हिसा चालतो. मुंबईत उतरायचंच नाही असं ठरवलं तरी बहुतेक क्रूझ कंपन्या व्हिसा असल्याशिवाय जहाजावर चढू देत नाहीत.

जहाज मुंबई, मग कोलंबो, मग पुन्हा चेन्नई असं जाणार असेल, तर भारतात दोनदा प्रवेश होतो. ३० दिवसांच्या ई-टूरिस्ट व्हिसावर दोनच प्रवेश मिळतात. त्याहून जास्त वेळा आत-बाहेर होणार असेल तर एक किंवा पाच वर्षांचा व्हिसा घ्यावा.

ओसीआय कार्ड असलेल्यांना व्हिसा लागत नाही, पण कार्ड मूळ स्वरूपात जवळ हवं. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

काही जहाजांवर प्रवाशांचे पासपोर्ट कंपनी स्वतःकडे ठेवते. रात्री शहराबाहेर मुक्काम करायचा असेल तर तो आदल्या दिवशीच मागून घ्यावा. हॉटेलमध्ये परदेशी पाहुण्यांची नोंद पासपोर्ट आणि व्हिसा पाहूनच होते. रात्री जहाजावर नसू, हेही जहाजाच्या कार्यालयाला आधी सांगावं लागतं.

जहाज चुकलं तर काय होतं?

कंपनीने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः गाडी ठरवून गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, सगळा खर्च प्रवाशाचा. पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर तिथला व्हिसाही बघावा लागतो.

म्हणून तीन गोष्टी जवळ असाव्यात: मूळ पासपोर्ट, दोन दिवसांची औषधं आणि बंदरातल्या जहाज एजंटचा फोन नंबर. हा नंबर जहाजावर रोज मिळणाऱ्या माहितीपत्रकात छापलेला असतो.

संभाजीनगरहून क्रूझला जाणाऱ्यांसाठी

हेच गणित उलट दिशेनेही लागू होतं. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करणारं कॉर्डेलिया कंपनीचं जहाज सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालं आणि मराठवाड्यातलेही अनेक जण आता क्रूझला जातात. अशा वेळी त्याच दिवशी पहाटे निघून बंदर गाठण्याचा मोह टाळावा. जहाजावर चढण्याची मुदत सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी संपते आणि ती चुकली तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. आदल्या रात्रीची रेल्वे घेऊन सकाळी सीएसएमटीला उतरणं सगळ्यांत सोपं. देशांतर्गत सफरीला सरकारी ओळखपत्र पुरतं, परदेशी सफरीला किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट लागतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मुंबईत उतरून थेट गोव्याला किंवा कोचीला जहाज पकडता येईल का?*
काही कंपन्या परवानगी देतात. पण ती लेखी आणि आधीच घ्यावी लागते. परवानगी मिळाली तर मधले दोन-तीन दिवस संभाजीनगरसाठी वापरता येतात.

*पाहुण्यांना गाडीने न्यायचं तर गाडी बंदरात आत येते का?*
बंदर हा सुरक्षित परिसर आहे. प्रवाशांनी ठरलेल्या दाराबाहेर येऊन गाडीत बसायचं, असंच गृहीत धरावं. दाराचं नाव आधी विचारून घ्यावं.

*वेरूळ-अजिंठा दोन्ही नीट पाहायचं तर किती दिवस हवेत?*
शहरात दोन पूर्ण दिवस, आणि येण्या-जाण्याचे मिळून तीन ते चार. सोमवार आणि मंगळवार टाळून बुधवार ते रविवारच्या दरम्यान आखणी केली तर दोन्ही लेणी उघडी मिळतात.

*मुंबईचा थांबा रात्रीचा आहे की नाही, हे कसं कळेल?*
वेळापत्रकात मुंबईच्या पुढे येण्याची आणि जाण्याची तारीख पाहा. दोन्ही तारखा एकच असतील तर वेरूळचा बेत पुढच्या भारतभेटीसाठी ठेवा. तारखा वेगळ्या असतील तर आधी वार पाहा, मग हॉटेल ठरवा.